सडेतोडने मारलेली थाप

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या त्या माणसाला सगळे सडेतोड म्हणत. म्हणत पाठीमागेच, पण एकदा ते त्याच्या कानावर आलं आणि तो खूश झाला. त्याला वाटलं, ही आपल्याला मिळालेली पदवी आहे. म्हणणाऱ्यांना नेमकं काय म्हणायचं होतं हे त्याला तोंडावर सांगण्याइतका सडेतोडपणा बाकी कुणाकडे नव्हता.

खरं बोलण्याचं त्याला व्यसन होतं, आणि सगळ्याच व्यसनांसारखा त्याचा ताप घरच्यांना आणि शेजाऱ्यांना व्हायचा. शेजाऱ्याने हौसेने घराला रंग दिला, तर हा फाटकाशी उभा राहून म्हणाला, "रंग छान आहे, फक्त भिंतीला द्यायला नको होता." मेहुण्याच्या बायकोने नवे पडदे दाखवले तेव्हा म्हणाला, "दवाखान्यात असेच असतात. डाग दिसू नयेत म्हणून लावतात तिथे." वर हे ठरलेलं असायचं की, "मला बाबा गोड बोलता येत नाही. पोटात एक आणि ओठात एक, असलं आपल्याकडे नाही." समोरच्याचं तोंड उतरलं की त्याला परोपकार केल्यासारखं वाटे आणि त्या दिवशी जेवण दोन घास जास्त जाई.

दुकानाच्या मालकीणबाईंनी हे बरीच वर्षं सोसलं. मग एके दिवशी एक बाई तासभर आरशासमोर उभी राहून, वीस फ्रेमा लावून आणि काढून, शेवटी एका गोल फ्रेमवर येऊन थांबली. मालकीणबाईंनी श्वास सोडला. तेवढ्यात सडेतोड आतल्या खोलीतून पाणी प्यायला बाहेर आला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "चेहरा मुळात गोल, त्यात ही दोन चाकं. आता नुसतं हँडल बसवायचं राहिलं."

बाईने फ्रेम अलगद काउंटरवर ठेवली आणि ती निघून गेली.

"आजपासून तुम्ही आतच बसा," मालकीणबाई म्हणाल्या. "पाण्याची बाटलीही आतच ठेवा. तिथे फक्त आकडे आहेत. आकड्यांना काही बोललं तर ते रडत नाहीत."

सडेतोडने याचा अर्थ असा लावला की मालकीणबाईंना सत्य झेपत नाही.

त्याची बायको प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिचं वळण अगदी उलटं. जो मुलगा वर्गात मिनिटभर गप्प बसत नसे त्याच्या प्रगतिपुस्तकात ती लिही, 'आपले विचार उत्साहाने मांडतो.' जी मुलगी दुसऱ्यांच्या डब्यांवर ताव मारी तिच्याबद्दल, 'सगळ्यांत मिळून मिसळून राहते.' सडेतोड तिच्या खांद्यावरून हे शेरे वाचून नाक मुरडायचा.

"ही शुद्ध लबाडी आहे," एकदा तो म्हणाला.

"शेऱ्याच्या खाली काय लिहिलंय तेही वाच. पालकांनी भेटावं, असं लिहिलंय. ते आले की मी दार लावून घेते आणि सगळं सांगते. तू दार उघडं टाकून सांगतोस, आणि सांगतोस काय, तर पडदे."

सडेतोडने जरा विचार केला आणि म्हणाला, "चहा आज पाणचट झालाय."

आता सासऱ्यांचं. सासरे म्हणजे बसचे निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षं बस चालवली आणि कुणाच्या आरशालासुद्धा धक्का लावला नाही. तसं प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत काचेत लावलेलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते एकदा तरी वाचावं लागे. घरात त्यांचा दरारा असा की ते खोलीत आले की टीव्हीचा आवाज आपोआप कमी व्हायचा. जगात सडेतोड एकाच माणसासमोर शब्द तोलून बोले, ते म्हणजे सासरे. पण याला तो भीती म्हणत नसे. आदर म्हणे.

सासऱ्यांकडे एक जुनी पांढरी मोटार होती. दर रविवारी ते सासूबाईंना शेजारी बसवून बाजारात जात. गेल्या दोन वर्षांत त्या मोटारीवर एकेक ओरखडा उमटायला लागला. आधी डाव्या दारावर, मग मागच्या बाजूला, मग उजवा दिवा फुटला. घरातल्या मंडळींनी यावर फार सभ्यपणे मौन पाळलं. मेहुणा म्हणाला, हल्ली मोटारींचा रंगच नाजूक येतो. मोटार बारा वर्षांपूर्वीची होती. मेहुण्याची बायको म्हणाली, फाटकाचा खांबच जरा पुढे आलाय. खांब बिचारा काय बोलणार.

शेवटी एका रविवारी दुपारी सासरे आडवे झालेले असताना सगळे स्वयंपाकघरात जमले आणि कुजबुजायला लागले.

"कुणीतरी बाबांना सांगायला हवं," मेहुणा म्हणाला.

"हो ना, पण नीट शब्दांत," त्याची बायको म्हणाली.

"त्यांना वाईट वाटता कामा नये," मेहुणा म्हणाला.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "काही झालेलं नाही. व्यवस्थित चालवतात ते. उगीच काही काढू नका."

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेने वळल्या. आजवर ज्या माणसाच्या जिभेला सगळ्यांनी नावं ठेवली, त्या जिभेची आज अचानक गरज लागली.

"भावोजी, तुम्हीच," मेहुण्याची बायको म्हणाली. पडद्यांचं ती विसरली नव्हती. "तुम्हाला गोड बोलता येत नाही ना? मग हे काम तुमचंच. शिवाय डोळे तपासणं तर तुमचं कामच आहे."

"त्यात काय," सडेतोड म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. आत्ता उठले की सांगतो."

सासरे उठले, चहा प्यायले आणि म्हणाले, "जावईबुवा, चला, तुम्हाला घरी सोडतो." सडेतोड म्हणाला, "चला." त्याने मनाशी ठरवलं, गाडीत निवांत सांगू. बायको त्या दिवशी माहेरीच राहणार होती. तो मागच्या सीटवर बसला, सासूबाई नेहमीप्रमाणे पुढे.

सासूबाईंना गाडीत बडबडायची सवय होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. निघाल्यापासून त्यांचं चालू झालं. "अगंबाई, ती म्हातारी बघा, किती सावकाश रस्ता ओलांडतेय. गेली एकदाची." मग, "हा सिग्नल मेला कायम लालच असतो आपल्या नशिबी." मग जरा वेळाने, "झाला बाई हिरवा." मग, "डावीकडच्या त्या स्कूटरवाल्याला किती घाई." सासरे शांतपणे गाडी हाकत होते आणि मधूनमधून "हं" म्हणत होते.

सडेतोड वैतागला होता. 'आई, जरा श्वास घ्या,' हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात सासूबाईंना शिंक आली. एक, दोन, तीन. त्या तीन शिंकांत गाडी एका उभ्या रिकाम्या ट्रककडे सरळ निघाली. सासूबाईंनी नाकाला रुमाल लावूनच म्हटलं, "केवढा मोठा ट्रक लावून ठेवलाय हो मध्येच." गाडी उजवीकडे वळली.

 सडेतोडने बडबडीचं एकेक वाक्य आठवून पाहिलं. त्यात एकही वाक्य गप्पांचं नव्हतं. बाई गप्पा मारत नव्हत्या, गाडी चालवत होत्या. स्टिअरिंग फक्त नवऱ्याच्या हातात ठेवलं होतं.

घर आलं. सासऱ्यांनी विचारलं, "काय, गप्पसे?"

"काही नाही, बाबा," सडेतोड म्हणाला. "बुधवारी दुकानावर या. वर्ष झालं, नंबर बघून टाकू." दोन मिनिटांचं काम त्याने असं बुधवारवर ढकललं.

बुधवारी सासरे आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सडेतोडने त्यांना आतल्या खोलीत बसवलं, दिवा मंद केला, डावा डोळा झाकला. समोरची पेटी उजळली. ही पेटी नवी होती, दोनच महिन्यांपूर्वी आलेली. तिच्यात बटण दाबलं की आकडे बदलत. त्याआधी तिथे भिंतीवर छापील तक्ता असायचा. तोच तक्ता बसच्या आगारातही होता, आणि तिथे सासऱ्यांचे डोळे दरवर्षी तपासले जात.

"सगळ्यात खालची ओळ वाचा, बाबा."

सासरे ताठ बसले. "पाच, दोन, नऊ, सहा, तीन," त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं.

पेटीवर आठ, चार, सात, सात, दोन असं होतं.

पाच, दोन, नऊ, सहा, तीन ही जुन्या तक्त्याची शेवटची ओळ होती. सडेतोडलाही ती पाठ होती. त्याने आवाज न करता बटण दाबून आकडे मोठे केले, आणखी मोठे केले, शेवटी बशीएवढा एकच आकडा ठेवला. "आणि आता, बाबा?"

"सांगितलं की. पाच, दोन, नऊ, सहा, तीन. हा डोळा झाला, आता दुसरा बघा."

दुसऱ्या डोळ्यानेही तेच पाच, दोन, नऊ. फक्त या वेळी सासऱ्यांचा आवाज जरा चढला होता आणि खुर्चीचा दांडा त्यांनी घट्ट धरला होता, चालत्या गाडीत उभा माणूस धरतो तसा. ते म्हणाले, "कसे आहेत?"

जगभर पडदे, भिंती आणि फ्रेमा यांच्याबद्दल निर्भीडपणे बोलत आलेल्या त्या माणसाला हा प्रश्न सरळ विचारला गेला होता. विचारणारा उत्तराची वाट बघत होता. खोलीचं दारही लावलेलं होतं. इतकी सोय सत्याला क्वचितच मिळते.

"छान आहेत," सडेतोड म्हणाला. "वयाच्या मानाने फारच छान. किंचित धूसर असेल, तेवढं चालायचंच."

सासऱ्यांनी दांडा सोडला. जाताना त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. मग बाहेर मालकीणबाईंना म्हणाले, "जावई हुशार आहे हो आमचा." मालकीणबाई बघतच राहिल्या.

पुढचे तीन आठवडे सडेतोडची झोप उडाली. बायकोने विचारलं, "सांगितलंस?" तो म्हणाला, "तपासलं. जरा बघावं लागेल." मेहुण्याने फोन केला, त्याला म्हणाला, "चाललंय." आजवर ज्या गुळमुळीत शब्दांची त्याने चेष्टा केली होती, तेच शब्द आता त्याच्या तोंडून नळाच्या पाण्यासारखे यायला लागले. शेजाऱ्याने नवं कुंपण दाखवलं, तर त्याने "वा" म्हटलं. शेजारी घाबरला. त्याला वाटलं, याला काहीतरी आजार झालाय.

चौथ्या रविवारी सासूबाईंचा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. घरी राहावं तर हे एकटे निघतील, म्हणून त्या तशाच शेजारी बसल्या. त्यांनी बाही ओढून बघितली, मांडीला चिमटे काढून बघितले, पण डावीकडच्या चिमट्याचा अर्थ डावीकडे वळा की डावीकडे कुणी आहे, हे आधी ठरवायचं राहून गेलं होतं. मुख्य रस्त्यावर सासऱ्यांनी औषधाच्या दुकानाच्या लाल पाटीला सिग्नल समजून गाडी थांबवली आणि पाच मिनिटं हिरव्याची वाट पाहिली. मागून हॉर्नचा गोंगाट झाला तेव्हा ते गडबडले. त्यांनी गाडी दामटली आणि ती फर्निचरच्या दुकानासमोर फुटपाथवर मांडलेल्या सोफ्यात जाऊन घुसली.

सोफा मऊ होता. सासूबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं, सासऱ्यांचा अंगठा मुरगळला. दुकानातला कामगार मिनिटभरापूर्वी त्याच सोफ्यावर बसला होता आणि बिडी पेटवायला काडेपेटी मिळेना म्हणून आत गेला होता.

संध्याकाळी सगळे सासऱ्यांच्या घरी जमले. सासरे प्रमाणपत्राखालच्या खुर्चीत बसले होते, अंगठ्याला पट्टी.

"ब्रेक लागला नाही," ते म्हणाले.

"असंच असणार," मेहुणा लगेच म्हणाला. "जुन्या गाड्यांचे ब्रेक दगा देतात."

"आणि फुटपाथवर सोफे मांडतात म्हणजे काय," त्याची बायको म्हणाली.

मेकॅनिकला बोलावलं होतं. तो हात पुसत आत आला आणि म्हणाला, "ब्रेक चांगले आहेत." खोलीतले चेहरे बघून त्याने घाईने भर घातली, "पण बदलून टाकू हवे तर."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ब्रेक बदलायचे ठरले. सडेतोडने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि ती बऱ्याच वेळापासून बघत असावी.

तो म्हणाला, "ब्रेक बदलू नका. बाबा, जरा आतल्या खोलीत येता का?"

"जे आहे ते इथे बोला," सासरे म्हणाले.

"इथे नको. आत या."

त्याचा आवाज इतका हळू होता की सासरे उठले. सासूबाई त्यांच्यामागून गेल्या. सडेतोडने दार लावलं.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही जे आकडे वाचलेत ते समोर नव्हते. ते जुन्या तक्त्यावरचे होते. मी समोर एकच आकडा ठेवला होता, एवढा मोठा. तो तुम्हाला दिसला नाही."

सासऱ्यांनी अंगठ्यावरची पट्टी घट्ट केली.

"हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मग छान आहेत असं का म्हणालात?"

सडेतोडला पुष्कळ उत्तरं सुचली. आदर होता, वेळ योग्य नव्हती, तुम्हाला वाईट वाटलं असतं. त्यांतलं एकही खरं नव्हतं. तो म्हणाला, "तुम्हाला भ्यालो."

"लोकांना तोंडावर वाटेल ते बोलता तुम्ही. माझ्या सुनेला रडवलंत. आणि मी सरळ विचारलं तर मला थाप मारलीत." सासऱ्यांचा आवाज चढला. "मी मुद्दाम विचारलं होतं. मला वाटलं, हा तरी सांगेल. मला स्वतःला कसं सांगता येईल? एकतीस वर्षं…"

ते थांबले. सासूबाईंनी बसलेल्या घशाने, जेमतेम ऐकू येईल इतकं, म्हटलं, "मला माहीत होतं. दोन वर्षं मीच बघत होते रस्ता."

"तुला काय वाटलं, मला कळत नव्हतं?" सासरे म्हणाले. "तू घरात कधी इतकी बोलतेस?"

सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. सासऱ्यांनी जावयाला सांगितलं, "जा तुम्ही आता." तो बाहेर आला. मेहुण्याने विचारलं, "नीट शब्दांत सांगितलंत ना?" सडेतोडने चपला पायात सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. जे गेलंय ते परत येणार नाही, राहिलंय ते इंजेक्शनं देऊन टिकवायचा प्रयत्न करू. मग म्हणाल्या, "उजव्या डोळ्यात आत ताजं रक्त आलंय. हे दोन-तीन आठवड्यांतलं आहे. त्याआधी आला असतात तर या डोळ्यातलं थोडं जास्त वाचलं असतं."

त्यांना माहीत नव्हतं की त्या कुणाला काय सांगत आहेत. सडेतोड भिंतीकडे बघत राहिला. सासऱ्यांनी त्याच्याकडे मान वळवली, पण बोलले नाहीत. बोलले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

परत येताना बायको गाडी चालवत होती. मागे सासूबाई बसल्या होत्या. पहिलं वळण यायच्या आत त्यांना झोप लागली, ती घर येईपर्यंत. एवढ्या सिग्नलांना, एवढ्या हॉर्नना त्यांनी डोळा उघडला नाही.

सासरे जावयाशी महिनाभर बोलले नाहीत. इंजेक्शनाच्या दिवशी सडेतोड सुट्टी काढून त्यांना टॅक्सीने न्यायचा, आणायचा, आणि दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघायचा. मोटार मेहुण्याने नेली. दुकानात मालकीणबाईंच्या लक्षात आलं की हल्ली हा माणूस तपासणीनंतर गिऱ्हाइकाला खुर्ची सरकवून देतो, समोर बसतो, आणि मगच काय ते सांगतो. सांगतो मात्र सगळं. पडद्यांबद्दल आणि भिंतींबद्दल त्याचं मत कुणी विचारलं, तर म्हणतो, मला त्यातलं कळत नाही. हे त्याने आतापर्यंत सांगितलेलं सगळ्यात मोठं सत्य होतं, असं त्याच्या बायकोचं मत पडलं.

मग एके सकाळी दुकानात फोन आला.

"जावईबुवा, तुम्ही पाठवलेलं ते वाचायचं भिंग. काही उपयोगाचं नाही. पेपरातला मथळासुद्धा धड लागत नाही."

"ते चारपट मोठं दाखवणारं होतं, बाबा."

"याहून मोठं असतं का? आणि थाप मारायची नाही."

सडेतोडने फोन दुसऱ्या कानाला लावला. "असतं. आमच्याकडे दहापटीचं आहे. पण त्यात एका वेळी एखादंच अक्षर दिसेल. आणि पुढे नजर आणखी उतरली, तर त्याहून मोठ्या भिंगाचाही उपयोग होणार नाही."

पलीकडे भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"बरं. दहापटीचं घेऊन या रविवारी," सासरे म्हणाले. मग आवाज खाली आणून, फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन ते म्हणाले, "आणि हिने विचारलं तर सांगा, याहूनही मोठी पुष्कळ मिळतात."